आतल्या खोलीतला पठ्ठ्या
आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. म्हटलं, जड कामं तिकडे चालवू, आपण लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये लोळू. कसलं काय! लाइट गेली, राउटर बंद-चालू झाला, की काल १९२.१६८.१.७ या नेटवर्कवरच्या पत्त्यावर असलेला पठ्ठ्या आज .१२ वर. एसएसएच (लांबून दुसरा कॉम्प्युटर चालवायची सोय) आपलं 'कनेक्शन टाइम्ड आउट' करत बसतं. राउटरमध्ये पत्ता कायमचा बांधून ठेवता येतो, माहितीये हो! पण त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे, आणि तो फोन उचलेल तर शपथ. बरं, एकदाचं जोडलं, व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला, तर आईने "डोळे फुटतील" म्हणत लॅपटॉपचं झाकण मिटलं. सेशन तुटलं, त्याच्यासोबत प्रोग्रॅमही गेला. टीमक्स (जोडणी तुटली तरी तिकडचं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) लावायचं परत विसरलो होतो. आता आतल्या खोलीतच स्टूल टाकून बसलोय.