‘रन’चे ६४५ अर्थ आणि मराठीची नाहक बढाई

इंग्रजीत ‘रन’ या एकाच क्रियापदाला ६४५ अर्थ आहेत, म्हणजे ती भाषा शब्ददरिद्री आहे, मराठीत मात्र प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द असतो, आणि म्हणूनच आपल्या मुलांना इंग्रजी जड जाते, अशा आशयाचा संदेश मुंबईतल्या मराठी मंडळींत सध्या फिरतो आहे.

आकडा हवेतून आलेला नाही. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादकांची २०११ च्या सुमारास गाजलेली ती मोजणी आहे. त्याआधी १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ हा शब्द ४३० अर्थांसह आघाडीवर होता. परंतु हा कोश शब्दांचा इतिहास नोंदवणारा असल्याने त्यात केव्हाच मावळलेले अर्थ आणि एखाद्या धंद्यापुरते प्रयोगही नोंदवलेले असतात, आणि अर्थांची संख्या ही संपादक किती बारीक भेद करतो यावरही अवलंबून असते.

शिवाय हे अर्थ एकमेकांना परके नाहीत. नळ, गाडी, यंत्र, नाक या सर्वांच्या ‘रन’मध्ये सतत चालू राहण्याची कल्पना समान आहे. अर्थ मुळापासून किती दूर जातो हे शिवाजी पार्कवर दिसते: फलंदाज चौकार मारून जागीच उभा राहतो, तरी त्याच्या नावावर चार धावा लागतात. ‘धाव’ हा शब्द तर आपला मराठी आहे.

मराठीत एका शब्दाला एकच अर्थ असतो, हा दावा मात्र सपशेल चुकीचा आहे. पाणी ‘वाहते’ आणि माणूस ‘धावतो’, हे संदेशातले उदाहरण बरोबर असले, तरी भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो आणि वेळही लागतो, त्याचे काय? दादरला कोकणची गाडी ‘लागली’ की प्रवासी सामान उचलतात. घाटात तीच ‘लागली’ की पिशवी शोधतात. ‘चालेल’ या होकारात तर कोणीच चालत नाही.

उरला प्रश्न मुलांचा. ६४५ अर्थ जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यालाही पाठ नसतात. ‘रनआउट’ म्हणजे धावबाद एवढेच ठाऊक असलेला मुलगा ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’ या वाक्याला अडतो, कारण त्याला सुटा शब्द शिकवलेला असतो; ‘दूध संपले’ या अर्थाने अख्खे वाक्य दोन-चारदा कानावर पडले, की तो अडत नाही.