सायकलचे कपडे घेताय? आधी घरातला टेप लपवून ठेवा

सायकल घेतलीत, अभिनंदन. हेल्मेट, बाटली, मागचा लाल लाइट सगळं झालं, आणि आता कोणीतरी सांगितलंय की कॉटनचा टीशर्ट घालून सिंहगड चढलात तर वर पोचेपर्यंत तो पिळून काढावा लागतो, म्हणून जर्सी आणि बिब, म्हणजे खांद्यावर पट्टे आणि आत पॅड असलेली सायकलची घट्ट आखूड पँट, घ्यायचीये. छान. पहिला नियम सांगतो, हा पाळलात की बाकीचे आपोआप पाळले जातात: माप घेऊ नका. शिवणाच्या डब्यात पिवळा टेप असेल तो आजच कुठेतरी सरकवून ठेवा, कारण तो हाताशी असला की मोह होतो, आणि एकदा का छातीभोवती टेप फिरला की तो सहज म्हणून पोटाकडे घसरतो आणि मग अख्खा रविवार वाया.

शिवाय गरजच काय? तुम्ही ‘एल’ आहात. कॉलेजपासून एल आहात. रास, गोत्र, ब्लड ग्रुप आणि साइज या गोष्टी एकदा ठरल्या की ठरल्या. मधे पंधरा वर्षं गेली, लग्न झालं, बसून करायची नोकरी लागली, तरी शर्ट अजून एलच येतो ना? येतो. तो का येतो हे विचारू नका. शर्ट विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकाचं मन राखता येतं, कापड हळूच दोन बोटं वाढवायचं आणि लेबल तेच ठेवायचं, हा जगभरचा जुना धंदा आहे. आपण खूश, कंपनी खूश. सायकलवाल्यांना मात्र ही रीतभात कोणी शिकवलेली नाही.

म्हणून सुरुवात इटालियन जर्सीपासून करा. सेलमध्ये बघा, छान रंग, छान कॉलर, ‘रेस फिट’ असं लिहिलेलं. ही जर्सी ज्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून बेतलेली असते तो साधारण टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या पोगाचारसारखा असतो, म्हणजे उंची एक मीटर ७६ आणि वजन सहासष्ट किलोच्या आसपास. उंचीत आपलं जमतंय बघा! वजनाचं नंतर बघू. पार्सल आलं की जर्सी घाला, चेन लावायला घ्या, ती बेंबीपर्यंत सुरळीत येईल आणि तिथे थांबून विचार करेल. आता इथे पुष्कळ लोक घाबरून दोन साइज वरची मागवतात. अजिबात नको. ‘टू एक्सएल’ हे लेबल मानेच्या आतल्या बाजूला असतं, ते जगात कोणाला दिसत नाही, पण तुम्हाला माहीत असतं ना, आणि चढावर दम लागला की नेमकं तेच आठवतं. त्यापेक्षा एलच ठेवा, घडी घालून कपाटात, दिवाळीपर्यंत बसेल. लहानपणी आई सगळे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची, आपण आता घटत्या अंगाचे घेतोय. दिवाळी कुठल्या वर्षीची ते ठरवायची घाई करू नका.

तेवढ्यात दुसरी जर्सी मागवा, जरा ऐसपैस बेताच्या ब्रँडची, ‘रिलॅक्स्ड फिट’. अर्थात एल. आता तुम्ही आत आणि जर्सी बाहेर, मधे वारा. मागच्या तीन खिशांत फोन, केळं आणि घराची किल्ली टाकली की सगळा ऐवज खाली लोंबतो आणि उतारावर जर्सी फडफडते, त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी करायला म्हणून जे पैसे घातले त्याचं पॅराशूट झालेलं असतं. आणि जपानी मापाचा एल तर साधारण युरोपच्या एमएवढा निघतो, तोही मागवून ठेवा. एकाच कपाटात तीन एल, एक पोटात श्वास कोंडणारा, एक तंबू आणि एक धाकट्या भावाचा वाटावा असा. कोणी विचारलं तर सांगायचं, कलेक्शन आहे.

एकाच ब्रँडला चिकटलं की प्रश्न सुटतो असं काही शहाणे लोक सांगतात. हो का? त्याच ब्रँडची रेसवाली रेंज एका मापाची, क्लबवाली दुसऱ्या, पावसाळी जॅकेट तिसऱ्या, आणि हातमोज्यांचं तर गणितच वेगळं, तिथे तुम्ही अचानक एस असता किंवा एक्सएल असता, मधलं काही नाही. त्यात मधेच कंपनी कारखाना बदलते किंवा कापड बदलते, कमी ताणलं जाणारं कापड आलं की तोच बेत तेवढ्याच मापात अंगाला जास्त आवळतो, आणि गेल्या वर्षीची तुमची लाडकी जर्सी पुन्हा त्याच नावाने, त्याच साइजमध्ये मागवली की येते ती तिची कडक शिस्तीची सावत्र बहीण.

आता साइज चार्ट. उघडायचाच असेल तर मोबाइलवर उघडा, म्हणजे शेवटचा कॉलम स्क्रीनच्या बाहेर जाईल. चार्टमधली छाती तुमच्या अंगाची की कपड्याची, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं पण अशा जागी की विकत घेऊन झाल्यावरच सापडावं. एकजण लिहितो छाती १००, तो तुमच्या अंगाबद्दल बोलतोय. दुसरा लिहितो ५०, त्याने जर्सी टेबलावर पसरून या काखेपासून त्या काखेपर्यंत मोजलीये. तिसरा इंचात लिहितो आणि खाली बारीक अक्षरात एक इंच इकडेतिकडे होऊ शकतं म्हणून हात झटकतो, आता दोन साइजमधला फरकच दीड-दोन इंच असताना एक इंच इकडेतिकडे म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या. सगळ्यात भारी ती ओळ, ‘मॉडेलची उंची १८५ सेंमी, त्याने एम घातला आहे’. बरं मग? मॉडेल आणि माझा काय संबंध? तो सहा फुटाच्या वर आहे आणि एम घालतो, आपण पाच सात आहोत म्हणजे आपण एस. ठरलं, करा ऑर्डर.

युरोपात ईएन १३४०२ नावाचं एक मानक आहे, त्यात कपड्यावर माणसाचं छोटं चित्र काढून त्यावर छाती-कंबर सरळ सेंटीमीटरमध्ये लिहायची सोय केलेली आहे. सक्ती नाही, त्यामुळे एस-एम-एलचा खेळ आरामात चालूच. आपल्याकडेही निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने सहा शहरांत, त्यात मुंबईही आली, थ्रीडी स्कॅनर लावून पंचवीस हजार भारतीयांची मापं घ्यायचा प्रकल्प हातात घेतला, कारण आजवर आपण कधी ब्रिटनची तर कधी अमेरिकेची मापं थोडी ताणून-चेपून वापरतोय. काम चांगलंच आहे, पण तिथेही स्कॅनरसमोर उभं राहून आपला मराठी माणूस पोट आत ओढून धरणार, त्याचं काय करणार बोला.

बिबचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे नुसती इज्जत नाही, कातडी पण पणाला लागते. दुकानात ट्रायल घेताना आरशासमोर परेडला उभं राहिल्यासारखे ताठ उभे राहा. बिब आणि जर्सी दोन्ही हॅंडलवर वाकलेल्या माणसासाठी बेतलेली असतात, म्हणून जर्सी पुढून आखूड आणि मागून लांब, आणि बिबचे पट्टे उभ्या माणसाच्या खांद्यावर जरा ओढल्यासारखेच लागतात, वाकलं की बरोबर बसतात. पण तुम्ही वाकू नका. लोक बघतील. ताठ उभं राहिल्यावर जी मऊ आणि मोकळी वाटते तीच घ्या, मग साठ-सत्तर किलोमीटरनंतर आतलं पॅड जागचं सरकून, घडी पडून, तुम्हाला घरी कसं चालायला लावतं ते बघा. सोमवारी ऑफिसात खुर्चीवर बसताना चेहऱ्यावर जे भाव येतात त्याला उत्तर तयार ठेवा. उलट टोकाला जायचं असेल तर दोन साइज लहान घ्या. लायक्रा ताणत नेली की विरळ होत जाते आणि अंधाऱ्या ट्रायल रूममध्ये जे काळं दिसतं ते सकाळच्या उन्हात तेवढं काळं राहत नाही. हे तुम्हाला दिसत नाही, तुमच्या चाकामागे चिकटून येणाऱ्याला दिसतं. तो सज्जन असतो, काही बोलत नाही, फक्त पुढे निघून जातो. (आणि हो, बिबच्या आत चड्डी घालायची नसते. हे मात्र खरंच सांगतोय, यात उपरोध शोधू नका.)

पण खरी मजा घ्यायची असेल तर ग्रुपची जर्सी करा. गूगल फॉर्म येतो, नाव, ब्लड ग्रुप, जर्सीवर छापायचं नाव, साइज. खाली चार्टची लिंक, जी कोणीही उघडत नाही. मग व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू, ‘दादा, नॉर्मल एल आहे ना?’ दादा कारखानदाराला विचारतात, तो म्हणतो ‘सर, रेग्युलर फिटिंग’, दादा ग्रुपवर लिहितात ‘हो, नॉर्मलच आहे’, आणि ‘नॉर्मल’ शब्दावर विसंबून साठ माणसं पैसे भरून मोकळी होतात. तो कारखानदार तिरुपूरचा असो नाहीतर लुधियानाचा, बिचारा सॅम्पलचा अख्खा सेट पाठवतो, घालून बघा म्हणून. सेट ठेवलेला असतो कोथरूडला कोणाच्या तरी घरी. आता पिंपरीचे लोक तेवढ्यासाठी कोथरूडला येणार का? रविवारी पहाटे उठून दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, मारणारी माणसं, साडेतेरा तासांच्या आत परत येणारी, ती म्हणतात अहो लांब पडतं हो.

बायकांसाठी वेगळा कॉलम नसतो. ‘युनिसेक्स आहे, मॅडम’, म्हणजे पुरुषांचीच आहे, खांदे रुंद, बाह्या कोपरापर्यंत, आणि खाली कमरेशी जिथे जागा हवी तिथे इलॅस्टिकची पट्टी घट्ट. तक्रार केलीत तर सल्ला मिळतो, ‘एक साइज लहान घ्या’. म्हणजे खांदे बसतात आणि पट्टी अजून घट्ट. त्यावरचा सल्ला, ‘मोठी घ्या’. हा संवाद तुम्ही दर वर्षी त्याच दादांशी करू शकता, ते कंटाळत नाहीत.

जर्स्या येतात इव्हेंटच्या दोन दिवस आधी. आता परत करायची सोय नाही, कारण या छपाईत कापलेल्या तुकड्यांवर आधी डिझाइन आणि नाव छापतात आणि मग शिवतात, तुमचं नाव असलेली जर्सी तो दुसऱ्या कोणाला विकणार? मग खडकवासल्याच्या चौपाटीवर भल्या पहाटे अदलाबदलीचा बाजार भरतो. शेवटी काकडे कुलकर्णींच्या जर्सीत, कुलकर्णी शेखच्या जर्सीत, आणि शेख साध्या टीशर्टवर, आणि इव्हेंटचा फोटोग्राफर पाठीवरची नावं वाचून फोटो टॅग करतो, त्यामुळे कुलकर्णींनी कधी न केलेलं टायमिंग त्यांच्या नावावर लागतं. कुलकर्णींची तक्रार नाही.

बुटांबद्दल थोडक्यात. आपण भारतात यूकेचा नंबर सांगतो, बुटावर युरोपचा असतो, आणि दुकानदार दोन्हींमधून सरासरी काढतो. शिमानो कंपनीच्या चार्टमध्ये ४२ नंबरसमोर पावलाची लांबी २६.५ सेंमी असं स्वच्छ लिहिलेलं असतं, भिंतीला टाच लावून कागदावर पाऊल आखलं की दोन मिनिटांत कळतं. म्हणूनच कोणी करत नाही. हेल्मेटवर तर सरळ डोक्याचा घेर सेंटीमीटरमध्ये छापलेला असतो, या सगळ्या बाजारात तेवढी एकच वस्तू खरं बोलते, आणि तीच आपण ‘बघू जरा तुझं’ म्हणून मित्राचं डोक्यावर ठेवून पसंत करतो.

वाईट वाटून घेऊ नका, ही परंपरा फार वरून आलेली आहे. टूर द फ्रान्समध्ये आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अधिकृतपणे पहिल्यांदा १९१९ साली युजेन क्रिस्तोफच्या अंगावर आली. पण तीन वेळा टूर जिंकलेला बेल्जियमचा फिलिप थीस उतारवयात सांगायचा की त्याला ती १९१३ मध्येच मिळाली होती, वाटेतल्या गावात दुकानातून विकत घेतलेली, माप अगदी बरोबर होतं, फक्त डोकं आत जाईना म्हणून गळा कापून मोठा करावा लागला. खरं-खोटं इतिहासकार बघून घेतील. मला तो ‘माप अगदी बरोबर होतं’ हा भाग फार आवडतो.

तेव्हा गळा कापायला तुम्हीही मोकळे आहात, पण लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे मात्र जाऊ नका. ते जर्सी हातात घेऊन ताणतील, उलटी करून शिवण बघतील, म्हणतील हे आमच्या मशीनवर होत नाही, आणि मग सवयीने गळ्यातला टेप काढून तुमच्या छातीभोवती टाकतील आणि पोऱ्याला ऐकू जाईल असा आकडा मोठ्याने ओरडतील. दुकानात चार गिऱ्हाइकं असतात हो!

राहता राहिला रिव्ह्यू, तो लिहायलाच हवा. एकाच जर्सीखाली एकाने लिहिलेलं असतं ‘फार लहान आहे, एक साइज मोठी घ्या’, त्याच्या खालच्याने ‘फार मोठी आहे, एक साइज लहान घ्या’, आणि दोघांनीही स्वतःची उंची, वजन, छाती यातलं काहीही लिहिलेलं नसतं. तुम्हीही तसंच करा. पाच स्टार द्या, ‘साइज परफेक्ट’ एवढंच लिहा, आणि खाली सायकलचा फोटो टाका. जर्सीचा नको.