'कॅलीन' पुल्लिंगी आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे

आयरिश भाषेत मुलीला 'कॅलीन' म्हणतात आणि हे नाम व्याकरणात पुल्लिंगी आहे. इथपर्यंत सगळं खरं. पण त्याला जोडून एक मजकूर सर्रास फिरतोय: जुन्या आयर्लंडमध्ये लग्न होईपर्यंत मुलगी बाई मानली जात नसे, ती बापाची मालमत्ता, म्हणून शब्द पुल्लिंगी, शिवाय हेच तिथे मुलींना ठेवलं जाणारं प्राचीन नाव. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि एका जिवंत भाषेबद्दल असं काही पसरू देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी लिंगाचं बघू. मूळ शब्द 'कॅल्ये', अर्थ दासी किंवा पोरगी, आणि तो स्त्रीलिंगीच. त्याला 'ईन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला. हा प्रत्यय लागला की नाम बहुतेक वेळा पुल्लिंगी होतं. 'पॅदिर' म्हणजे प्रार्थना, स्त्रीलिंगी. 'पॅद्रीन' म्हणजे जपमाळ, पुल्लिंगी. इथे लग्नाचा संबंध कुठे आला? आपल्याकडेही आई मुलीला 'माझं लेकरू' म्हणते, तेव्हा ते नपुंसकलिंग शब्दाच्या घडणीतून येतं.

वापरात काय होतं तेही पाहा. 'ब्यॅन' म्हणजे बाई, स्त्रीलिंगी. स्त्रीलिंगी असल्यामुळे 'अन' हे उपपद (इंग्रजी 'द' सारखं) लागलं की 'अन व्यॅन', ब चा व. 'मोर' म्हणजे मोठा, पण मोठी बाई 'ब्यॅन वोर'. कॅलीनला हा बदल होत नाही: 'अन कॅलीन', 'कॅलीन मोर'. सर्वनाम मात्र स्त्रीलिंगी येतं. 'इस द्यॅस अन कॅलीन ई', म्हणजे छान मुलगी आहे ती. शेवटचा 'ई' म्हणजे 'ती'; 'तो' साठी 'ए' आहे. बोलणाऱ्याच्या मनात ती मुलगीच असते.

अविवाहित मुलगी बापाच्या अधिकाराखाली असे, हे जुन्या आयरिश कायद्यात खरोखरच होतं. पण मग 'मुलगी' या नात्याचा शब्द, 'इनीन', म्हणजे लेक, तोच पुल्लिंगी असायला हवा होता. तो स्त्रीलिंगी आहे. उलट 'स्टॅल', म्हणजे पैदाशीचा घोडा, हा शब्द स्त्रीलिंगी!

राहिलं नाव. 'कॉलीन', म्हणजे 'कॅलीन'चंच इंग्रजी रूप, हे मुलीचं नाव म्हणून रुळलं ते अमेरिका-ऑस्ट्रेलियात. आयर्लंडमध्ये ते साधं सामान्यनाम. तिथली जुनी नावं म्हणजे ब्रीद, मेव्ह, ग्रान्या.