'सेमिस्टर फुकट' मेसेजबद्दल खुलासा

राजारामपुरीतल्या क्लासपासून आमच्या गल्लीच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय: 'एक्स्चेंजमधून जर्मनीत एक सेमिस्टर, सगळं फुकट, टुरिस्ट व्हिसा चालतो.' त्याचं मूळ माझ्याच पोस्टमध्ये आहे. मी लिहिलं होतं 'तिथली ट्यूशन फी माफ'. पुढं जाता जाता त्याचं 'सगळं फुकट' झालं.

एक्स्चेंज म्हणजे विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीसाठी दोन विद्यापीठांचा करार असतो, म्हणून तिथली ट्यूशन फी लागत नाही; इथली भरावीच लागते. तिकीट, खोलीभाडं, विमा, जेवण आपलंच. (कांदा-लसूण चटणीची बरणी आईनं दिली, तेवढी फुकट.) स्कॉलरशिप असते, पण आपोआप मिळत नाही.

व्हिसाचं तर साफ चूक आहे. शेंगेन (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सेमिस्टरसाठी नॅशनल व्हिसा (जास्त दिवस राहण्यासाठी जर्मनी देते तो) लागतो आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. गेल्या वर्षी मी ब्लॉक्ड अकाउंट (पैसे आधी भरायचे आणि तिथं गेल्यावर दरमहा ठरावीकच काढता येतात, असं खातं) काढलं, महिन्याला ९९२ युरोप्रमाणे पाच महिन्यांचे ४,९६० एकदम भरले. आकडा ऐकून बाबांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

जुनी पोस्ट काढली आहे. तो मेसेज आता पुढं पाठवू नका; ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.