जुलैत सुरमई मागू नका

आज दुपारी रत्नागिरीतल्या एका खानावळीत शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ताट पुढे ढकललं. का, तर सुरमई नाही, पापलेट नाही. मावशी शांतपणे सांगत होत्या, "दादा, बंदी चालूय. सोड्याचं कालवण आहे, कुळथाची पिठी आहे, टाकळा आहे." त्यावर उत्तर, "कोकणात येऊन पिठी खायची?" मावशी गप्प झाल्या. तेव्हापासून डोकं तापलंय.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ आणि दर्याही खवळलेला. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा आहे, पण त्यांना मिळून मिळणार किती? म्हणजे या दिवसांत ताटात आलेली सुरमई बहुतेक शीतगृहातली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात घालून आणलेली, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. तो मासा खायला रत्नागिरीपर्यंत कशाला यायचं? २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं ना आपण? मग दोन महिने त्याला सुखानं अंडी घालू द्या!

मान्य, वर्षातून दोनच दिवस सुट्टी मिळते, माणूस ताजा मासा मनात धरून येतो. मग ऑगस्ट उलटल्यावर या.

आणि आत्ता आलाच असाल तर सकाळी लवकर बाजारात जा. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या असतात. टाकळा कोवळाच घ्या, पानं मोठी झाली की चरबट आणि कडवट लागतो. फोडशी निवडताना प्रत्येक पातीच्या बुडाचा पांढरा, कडक दांडा काढावा लागतो. तो राहिला की भाजी दाताखाली येते. शेवळं मिळाली तर विकणारीलाच विचारा, सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, आहेत का. आंबट न घालता केलेली शेवळं घशाला खाजतात.

मावशींनी पुढे केलेले सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आधी कडक उन्हात वाळवून डब्यात भरलेली, याच दिवसांसाठी. पावसाळ्यातलं इथलं खरं म्हावरं ते. सोडे दोन पाण्यांनी धुवायचे म्हणजे रेती जाते, मग कोमट पाण्यात १५ मिनिटं. तासभर भिजवले तर सगळी चव पाण्यात उतरते आणि हाताशी चोथा उरतो. आमसुलं शेवटी.

खाडीतल्या कुर्ल्या मिळतात, पण पोटाखालच्या झाकणाशी अंडी दिसली तर ती घेऊ नका. चढणीच्या माशांचं कौतुक आपल्याकडेही फार, पण तेही अंडी घालायलाच ओढ्यांतून वर चढत असतात. इथं आपलंच चुकतं, दुसऱ्याला नावं ठेवून उपयोग नाही.

सोलकढी मागवताना रंग बघा. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, कढी फिकट गुलाबी असते. भडक गुलाबी दिसली तर विचारा काय घातलंय. आणि कोणी गरम करून देत असेल तर नको म्हणा, नारळाचं दूध फाटतं.

त्या टेबलावर पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. गृहस्थ फोनमध्ये तोंड घालून बसले होते. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलीनं मात्र पिठी आणि गुरगुट्या भात खाल्ला आणि वाटी पुन्हा पुढे केली. मावशींचा चेहरा असा खुलला! राग थोडा तिथेच उतरला.

त्या पिठीत अवघड काही नाही. चौघांना कुळथाचं पीठ ४ मोठे चमचे, पाणी ४ वाट्या. पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात कोरडं टाकलं की गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटा, मोडत नाहीत. लसूण ठेचून ८-१० पाकळ्या, कांदा, मिरची यांची फोडणी, त्यात कालवलेलं पीठ, तीन-चार आमसुलं. सतत ढवळत ६-७ मिनिटं उकळायची, भांड्यापासून हलायचं नाही, उतू जाते. पातळ वाटली तरी पीठ वाढवू नका, निवताना आळते.

निघताना त्या मुलीच्या आईनं विचारलं, पीठ कुठं मिळेल. मावशी म्हणाल्या, बाजारात मिळेल, पण भाजून, भरडून, टरफलं पाखडून मग दळलेलं मागा. काळपट कण दिसले तर घेऊ नका. आणि पाव किलोच न्या ताई, या हवेत लगेच सादळतं.