दारातले बांडगूळ

डिसेंबर उजाडला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात एक वाद ठरल्या वेळी सुरू होतो. पुण्यातला भाचा लेकीसाठी सजवलेल्या प्लॅस्टिकच्या ख्रिसमस ट्रीचे छायाचित्र टाकतो; त्याखाली मावशी 25 डिसेंबरला तुळशी पूजन दिवस साजरा करा, हे गेली दहा-बारा वर्षे फिरणारे आवाहन पुढे पाठवतात; मग कोणीतरी दोघांनाही पर्यावरणाचा धडा देतो आणि गाडी वटपौर्णिमेला तोडल्या जाणाऱ्या फांद्यांपर्यंत जाऊन थांबते. इंग्लंडमधल्या वूस्टरशायरमध्ये राहून मला सोळा वर्षे झाली आणि या वादात मी सहसा गप्प असतो, कारण दुरून शहाणपण शिकवणाऱ्या नातेवाइकाइतका कंटाळवाणा माणूस दुसरा नसतो. यंदा मात्र मौन मोडतो.

काही वर्षांपूर्वी आई हिवाळ्यात इथे आली होती. आमच्या दाराच्या चौकटीला लाल फितीने बांधलेली मिसलटोची जुडी तिने खालीवर न्याहाळली, पांढरी चिकट फळे बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाली, "अरे, हे तर बांडगूळ! तुझे आजोबा आंब्यावरचं बांडगूळ कोयत्याने छाटून टाकायचे आणि तू ते पैसे मोजून आणलंस?" तिचे निदान अचूक होते. मिसलटो ही आपल्या बांडगुळाच्याच गोतातली, दुसऱ्या झाडाच्या फांदीत मूळ रोवणारी वनस्पती आहे. कोकणात फुलटोचा पक्षी बांडगुळाचे चिकट बी फांदीला पुसून जातो, तेच काम इथे थ्रश जातीचे पक्षी करतात. मराठीत आपण हा शब्द फुकट्या माणसासाठी राखून ठेवला, तर इंग्रजांनी त्याच वनस्पतीखाली उभे राहून चुंबन घेण्याची रीत पाडली. पानगळीनंतर सफरचंदाचे झाड निष्पर्ण होते तेव्हा त्यावर हिरवा राहतो तो हा गोलसर झुबका. ऐन थंडीत त्याला मान मिळाला यात नवल नाही.

आमच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर टेनबरी वेल्स नावाचे छोटे गाव आहे. तिथे दीडशेहून अधिक वर्षे नाताळच्या आधी मिसलटो आणि काटेरी पानांची सदाहरित हॉली यांचा लिलाव होत आला आहे. जुड्यांच्या रांगा जमिनीवर मांडलेल्या असतात, व्यापारी वाकून फळे तपासतात आणि लाल फळे लगडलेल्या हॉलीला नुसत्या पानांपेक्षा जास्त भाव येतो. हॉलीची नर व मादी झाडे वेगळी असतात आणि फळे फक्त मादीला धरतात, हे मला तिथल्याच एका बागायतदाराने सांगितले. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझ्या डोक्यातला एक समज तिथेच निघाला. मिसलटो वेळच्या वेळी छाटली नाही तर तिच्या भाराने आणि शोषणाने सफरचंदाचे जुने झाड खचते. म्हणजे नाताळची ही तोडणी बागेच्या निगराणीचाच एक भाग आहे. सणासाठी तोडणे म्हणजे निसर्गाची हानीच, असे मी तोवर धरून चाललो होतो.

"हे आपले नव्हे" हा मावशींचा आक्षेप तर नाताळाच्या हिरवाईने स्वतःच्या घरातच पुरेपूर ऐकलेला आहे. इ.स. 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांना खडसावले होते, की मूर्तिपूजकांपेक्षा तुमच्याच दारांवर दिवे आणि लॉरेल या सदाहरित झाडाच्या पानांच्या माळा जास्त दिसतात. त्यानंतर साडेचौदाशे वर्षांनी, 1647 साली, कडव्या प्युरिटन पंथीयांच्या वर्चस्वाखालील इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ सणच रद्द केला. त्या वर्षी लंडनच्या कॉर्नहिल भागातल्या सार्वजनिक पाणवठ्यावर उमेदवार कारागिरांनी हॉली आणि आयव्हीची हिरवी वेल चढवली, ती उतरवायला आलेल्या माणसांना त्यांनी अडवले आणि शेवटी खुद्द लॉर्ड मेयरला शिपाई घेऊन यावे लागले. हिरवाई परकी, पाखंडी, बाटवणारी आहे असे म्हणणारे कडवे ख्रिस्ती होते आणि ती टिकवणारेही ख्रिस्तीच होते. शिवाय तुळशीला डिसेंबरातल्या स्पर्धेची गरजच काय? तिचे लग्न कार्तिकात थाटात लागते आणि आमची आई तिला रोज पाणी घालते, ते काही कोणाला उत्तर म्हणून घालत नाही.

इथले सगळे आदर्श आहे असे मात्र कोणी समजू नये. दुकानांत प्लॅस्टिकची हॉली ढिगाने विकली जाते, मिसलटोही काही फ्रान्सहून येते आणि सात फुटी खरे झाड वाढायला दहा-बारा वर्षे लागतात ते आमच्या बैठकीत महिनाभर टिकते. पण झाड शेतातून येते आणि कापलेल्याच्या जागी नवे रोप लागते. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे दोन मीटरच्या प्लॅस्टिकच्या झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तेवढेच खरे झाड कचऱ्याच्या खड्ड्यात कुजले तर 16 किलो आणि त्याचा भुगा केला किंवा ते जाळले तर अवघा साडेतीन किलो. म्हणजे भाच्याचे झाड दहा-बारा वर्षे वापरले गेले तरच त्याचा हिशेब जुळेल.

आता आपट्याकडे पाहा. दसऱ्याच्या आठवड्यात बाजारात येणारी पाने प्रामुख्याने रानातल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांवरून ओरबाडलेली असतात, त्यांत कांचनाची पाने आपटा म्हणून खपवली जातात आणि दुसऱ्या दिवशी हे सोने पायदळी असते. इथे ना लागवड आहे, ना तोडणीने झाडाचे काही भले होते. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत येशूच्या गोठ्यासाठी थाळीत नाचणी रुजवून हिरवळ करतात. आपल्या घटस्थापनेच्या धान्याची ती सख्खी बहीण शोभेल आणि तिच्यासाठी फांदीला हात लावावा लागत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात मुले सोनेरी कागदाची आपट्याची पाने कापतात, त्यावर "याला काय सोने म्हणायचे" असे एक काका दरवर्षी कुरकुरतात आणि तरीही पाच-सहा पाने खिशात घालून जातात.

5 जानेवारीला आमच्याकडची सजावट उतरेल आणि झाड भुगा करायला नगरपालिकेच्या केंद्रावर जाईल. भाच्याला मी एवढेच लिहिले, की झाड टाकू नकोस, नीट खोक्यात भरून माळ्यावर ठेव. आणि मावशींना विचारले, की यंदा दसऱ्याला तुमच्या दारात आपट्याची किती पाने येऊन पडली होती आणि त्यांतली आपट्याची किती होती.