काळी दोन की पांढरी चार?

जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो म्हटलं की लोकांना वाटतं, याला गाण्याचं वेड असणार. मला वेड आहे ते टेपरेकॉर्डर उघडण्याचं. गाणं लागलं की माझ्या दृष्टीने मजा संपली. झाकण लावायचं आणि पुढचा बंद पडलेला डबा शोधायचा. हे नातेवाइकांना पटत नाही. त्यांच्या लेखी मी ‘इलेक्ट्रिकचं सगळं येणारा’. त्यामुळे माझ्या टेबलावर मिक्सर येतो, इस्त्री येते, एकदा तर शेजारच्या काकूंचं श्रवणयंत्रही आलं होतं.

या धंद्यातला (छंद म्हणा, धंद्यात पैसे मिळतात) खरा वैरी म्हणजे बेल्ट. मोटर आणि फ्लायव्हील (फितीचा वेग एकसारखा ठेवणारं जड चाक) यांना जोडणारा हा रबरी बेल्ट मशीन वर्षानुवर्षं माळ्यावर पडलं की सैल पडतो, आणि नशीब फुटकं असेल तर त्याचं चक्क डांबर होतं. तो काळा चिकट लगदा पुलीच्या खाचेत जाऊन बसतो. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायला जावं, तर तो निघत नाही, नुसता मुक्काम हलवतो. पुलीवरून बोटावर, बोटावरून चष्म्याच्या काडीवर, तिथून फ्रिजच्या मुठीवर आणि शेवटी धुऊन घडी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर. शाळेत नखं तपासायचे. घरी आता जेवायला बसण्यापूर्वी माझे तळवे तपासतात.

वितळलेल्या बेल्टचं माप घ्यायचं कसं? पुलींभोवती दोरा फिरवायचा, त्याची लांबी मोजायची आणि ताण राहावा म्हणून त्यातून पाचेक टक्के वजा करायचे. हे माप घेऊन पुण्यात तपकीर गल्लीत जावं किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर. दुकानदार आधी कीव आल्यासारखा बघतो. “साहेब, ब्लूटूथ स्पीकर घेऊन टाका ना!” मग खालच्या खणातून एक पिशवी काढतो. तिच्यात सगळ्या मापांचे बेल्ट एकमेकांत असे गुंतलेले असतात, की सोडवता सोडवता चहा होतो.

बेल्ट बसला की वेग. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हापासून फितीचा वेग ठरलेला आहे, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. बऱ्याच मोटरींच्या पाठीला एक बारीक भोक असतं. आत पेचकस घालून केसभर फिरवला की वेग बदलतो. ३१५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३१५० कंपनांचा, सूर भरलेली चाचणीची कॅसेट लावायची आणि मोबाइलवर आकडा जुळेपर्यंत फिरवत राहायचं. मी जुळवला. लेख खरं तर इथे संपायचा. पण मामा आला.

मामाच्या हातात त्याच्या तरुणपणच्या गणेशोत्सवातल्या गाण्याची कॅसेट होती. तिच्यातला फितीमागचा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. तो मी दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवला. गाणं सुरू झालं. मामाचा चेहरा पडला.

“हा वेग चुकलाय. मी पांढरी चारमध्ये गायचो.”

गाण्याचा सूर पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या नंबराने सांगतात. मी पेटी काढून बघितली, तर सूर पांढरी चारच्या दोन पट्ट्या खाली. “मामा, काळी दोन येतेय.”

“मग तुझं मशीन मंद चालतंय.”

मी ३१५० दाखवले. मामा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “मग तेव्हाचा रेकॉर्डर जोरात चालत असणार.”

पंचाईत अशी, की यात खोट काढता येईना. भरताना फीत जोरात पळाली, तर वाजवताना आवाज खाली येणारच. साथीच्या पेटीला साक्षीला बोलवावं, तर वेग सहा टक्के वाढला की सूर एका पट्टीने चढतो. वेग थोडासा हुकला असता तर पेटीचे सूर दोन पट्ट्यांच्या मधे अडकले असते, आणि मी तिथेच पकडलं असतं. मामा बरोबर दोन पट्ट्या मागत होता. म्हणजे बारा टक्के, आणि पेटी तिथेही चपखल बसत होती.

मग मला विजेची गुणगुण सापडली. गाणं भरताना विजेच्या तारांतून शिरलेलं बारीक घूं गाण्याखाली ऐकू येत होतं. मोजलं तर ४९ हर्ट्झ. आपली वीज ५० ची, आणि त्या काळी ती थोडी खालीच रेंगाळायची. बारा टक्के चढवले तर आकडा ५५ वर जातो. मी विजयी मुद्रेने म्हटलं, “मामा, ५५ हर्ट्झची वीज तुमच्या मांडवात आली कुठून?”

“जनरेटर होता मंडळाचा,” मामा शांतपणे म्हणाला.

जनरेटर ५५ वर पळू शकतो. माझ्याकडचे साक्षीदार संपले. तेवढ्यात पोहे खाता खाता मामी बोलली.

“कसला जनरेटर? आमच्याच बाल्कनीतून वायर ओढली होती. बिल बाबांनी भरलं. आणि काळी दोनच होती ती. तिसऱ्या कडव्यात तीही सुटली.”

ते ऐकून कोणीही गप्प बसलं असतं. मामाने मला पेचकस पुढे केला. मी बारा टक्के चढवले. निवेदक बालवाडीत गेला, तबलजी शेवटची लोकल पकडायच्या घाईला आला, टाळ्या पावसासारख्या तडतडल्या आणि मामाच्या चेहऱ्यावर तेज आलं. “हां! हा माझा आवाज.” पाच मिनिटांत तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला.

मोटरच्या भोकाशेजारी आता मी नेलपॉलिशने दोन खुणा करून ठेवल्या आहेत. एकीवर लिहिलंय ‘बरोबर’, दुसरीवर ‘मामा’.